फाल्गुन आणि सुताचा रंग

नाशिक जिल्ह्यातल्या कापडाचा इतिहास सांगताना सुरुवात मागापासून करायची, अशी आपल्याकडे पद्धत पडून गेली आहे. येवल्यात पैठणी कधीपासून विणली जाते, मालेगावात यंत्रमाग कसे आले, एका पदराला किती दिवस लागतात, याच गोष्टी पुढे येतात. त्याला कारणही आहे. माग मोजता येतो, त्याच्यावर पट्टी बसवता येते, त्याचे छायाचित्रही चांगले येते. परंतु माग हा या धंद्याचा शेवटचा टप्पा आहे. त्याआधी रेशीम किंवा सूत उलगडावे लागते, पिळावे लागते, उकळून धुवावे लागते, रंगवून वाळवावे लागते आणि पुन्हा गुंडाळून विणकराच्या हाताशी द्यावे लागते. कापडाचे रूप आणि त्याचा टिकाऊपणा बव्हंशी इथेच ठरतो. ही कामे पिढ्यान्‌पिढ्या घरात होत आली आणि त्यांतली बरीचशी बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि मुलांनी केली. माझे म्हणणे असे की नाशिकच्या वस्त्रव्यवसायाचा इतिहास मागाऐवजी रंगवलेल्या सुताच्या बाजूने लिहायला हवा. तसा लिहिला तर त्यातली माणसे बदलतात, वर्षातला महत्त्वाचा हंगाम बदलतो आणि धंदा कुठे टिकला व कुठे बुडाला याची कारणेही वेगळी दिसू लागतात.

द्वारका हा नाशिकचा चौक या इतिहासाकडे पाहायला सोयीचा आहे. आज तो ओळखला जातो वाहतुकीच्या कोंडीमुळे, पण मुंबई–आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता इथे एकमेकांना मिळतात, हे त्याचे खरे महत्त्व. आग्रा रस्त्याने ईशान्येला निघाले की चांदवड ओलांडून सुमारे 100 किलोमीटरवर मालेगाव लागते. 1857 च्या उठावानंतरच्या धामधुमीत आणि पुढच्या दुष्काळात उत्तरेकडून निघालेले मोमीन विणकर तिथे येऊन वसले. पूर्वेकडे निफाड आणि विंचूर ओलांडले की सुमारे 80 किलोमीटरवर येवला. आणि चौकापासून पायी जाण्याच्या अंतरावर जुने नाशिक सुरू होते, जिथे दरवर्षी फाल्गुन वद्य पंचमीला रहाडी उघडतात. जमिनीखालचे हे दगडी हौद पेशवेकाळापासूनचे मानले जातात. वर्षभर ते फळ्या आणि माती टाकून बुजवलेले असतात आणि वरून रहदारी चालू असते. रंगपंचमीच्या आधी ते उकरतात, साफ करतात, पूजा करतात आणि फुले उकळून केलेल्या रंगाने भरतात. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट गल्ली, पंचवटीतला शनि चौक इथल्या रहाडी शहरभर माहीत आहेत. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आहे, तो दरवर्षी तोच असतो. लोक त्यात उडी घेतात, तिला धप्पा म्हणतात, आणि या पाण्याने उन्हाळ्यात अंगाला त्रास होत नाही अशी श्रद्धा आहे.

रहाडीवरून नाशिकात रंगाऱ्यांचा धंदा किती मोठा होता हे सिद्ध होत नाही, आणि तसा दावा इथे नाही. ती उत्सवाची वास्तू आहे. तिच्यामागे मानकरी, तालमी आणि आखाडे आहेत. पण ती एक गोष्ट निर्विवाद दाखवते: फुलातून गरम पाण्यात रंग उतरवण्याचे ज्ञान या गावात सार्वजनिक होते आणि त्याचा काळ फाल्गुनाचा होता. पुढचा फरक मात्र महत्त्वाचा आहे. पळसाची फुले उकळली की पिवळे-केशरी पाणी मिळते. ते अंगावर किंवा सदऱ्यावर पडले तर चार धुण्यांत निघून जाते, आणि उत्सवाला तेच हवे असते. रंगाऱ्याला नेमके उलटे हवे असते. तो लडी आधी तुरटीच्या पाण्यात भिजवतो. तुरटीतला क्षार धाग्याला धरतो, रंग क्षाराला धरतो, आणि मग तो साध्या धुण्याने सुटत नाही. सुती धाग्याला तर त्याआधी हिरड्याच्या पाण्यात बुडवावे लागते, कारण कापसाला तुरटी एकटी नीट बसत नाही. म्हणजे फूल तेच आणि महिनाही तोच, तरी रहाडीचे ज्ञान वेगळे आणि रंगाऱ्याचे वेगळे. पहिल्याची आठवण शहराने उत्साहाने जपली. दुसरे विसरले गेले, कारण ते घराच्या मागच्या अंगणात चालत होते.

फाल्गुनाचा आग्रह धरण्यामागे केवळ सणाची ओढ नाही, झाडांचा आणि हवेचा पुरावा आहे. पळस फुलतो तो माघाच्या अखेरीपासून. करडई हे रब्बीचे पीक, तिच्या फुलांच्या पाकळ्या वेचायचे दिवसही थंडी सरतानाचे. या पाकळ्यांतून कुसुंबा रंग निघतो. त्याची रीत कष्टाची आहे: पाकळ्या आधी थंड पाण्यात पुन्हापुन्हा धुऊन त्यातला पिवळा अंश काढून टाकायचा, मग पापडखाराच्या पाण्यात तांबडा अंश उतरवायचा आणि शेवटी लिंबाच्या रसाने आंबटपणा आणला की गुलाबीपासून लालबुंदपर्यंतच्या छटा धाग्यावर चढतात. निळीचे गणित तर पूर्णपणे हवामानाचे. निळीचा रांजण चुना, गूळ आणि टाकळ्याचे बी घालून आंबवावा लागतो, आणि आंबवण ऊब मागते. निफाड-येवल्याच्या बाजूला थंडीचा कडाका महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. पौषात तिथे रांजण मंदावणारच. फाल्गुनात दिवस तापू लागतो, हवा कोरडी असते, पाऊस नसतो, आणि विहिरी अजून आटलेल्या नसतात. रेशीम सावलीत वाळवायचे असते, आणि सावलीत लवकर वाळण्यासाठी हीच हवा सर्वांत चांगली. चैत्र-वैशाखात पाणी कमी होते, आषाढात लडी वाळत नाहीत. वर लग्नसराई. एखादी पैठणी विणायला महिना लागतो, भरजरी असेल तर कित्येक महिने. वैशाखातल्या मुहूर्ताचे वस्त्र फाल्गुनात मागावर असायला हवे, आणि त्याचे रेशीम त्याहून आधी रंगलेले हवे. विणकराचा मोसम रंगाऱ्याच्या मोसमावर उभा होता. इतिहासलेखनात मात्र हे ऋतुमान कुठे येत नाही, कारण मागाला ऋतू फारसा लागत नाही आणि रंगाच्या कढईला तो पदोपदी लागतो.

येवल्याचा विस्तार हेच या म्हणण्याचे मोठे उदाहरण आहे. येवल्याचे पाटील रघोजी नाईक यांनी विणकर आणून गाव भरभराटीला नेले अशी परंपरेने सांगितली जाणारी हकीकत आहे. पुढे हे गाव विंचूरकरांच्या जहागिरीत गेले, आणि पेशवाईच्या काळात तिथला रेशमी माल नावारूपाला आला. थोरल्या माधवराव पेशव्यांनी असावली दुपट्टे मागवले त्या मागणीत लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी असे रंग सांगितलेले आहेत. दरबाराची मागणी रंगाच्या नावाने होत होती, म्हणजे रंगाऱ्याचे कसब हे मागणीचे पहिले कलम होते. 1883 मध्ये जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई गॅझेटियरचा नाशिक खंड निघाला. त्यात येवल्याच्या रेशीमधंद्याला मोठी जागा मिळाली आहे. जातींच्या वर्णनांतही निळीचे काम करणारे निराळी हे स्वतंत्र जात म्हणून येतात. एका रंगावर एक जात जगू शकत होती, हीच त्या कामाच्या व्याप्तीची खूण. तरी अशा ग्रंथांची नजर व्यापारी, भांडवल, मजुरी आणि तयार नग यांच्याकडे असते, आणि घरातल्या हातांसाठी त्यांच्यात एखादे वाक्य असते.

त्या हातांचे काम काय होते ते नीट पाहिले पाहिजे. कच्चे रेशीम चीन आणि बंगालमधून मुंबईमार्गे येई. ते खरखरीत असते, कारण किड्याने सोडलेला डिंक त्यावर असतो. लडी फाळक्यावर चढवून, धाग्याची जाड-बारीक प्रत ओळखून वेगवेगळ्या असाऱ्यांवर उलगडणे हे पहिले काम. तुटलेला तंतू नखाच्या टोकाने शोधून जोडायचा, गाठ कळू द्यायची नाही. मग रहाटावर पीळ. मग पापडखार किंवा साबणाच्या पाण्यात उकळून डिंक काढणे, ज्यात रेशमाचे सुमारे पाव वजन निघून जाते. हे वजन जाणे हिशेबाच्या दृष्टीने फार नाजूक होते, कारण व्यापारी रेशीम तोलून देत आणि तोलून घेत. उकळी जास्त झाली तर धागा मऊ पडून तुटे, कमी झाली तर रंग डागाळून बसे. त्यानंतर रंग, आणि रंगलेल्या लडी पुन्हा उलगडून ताण्यासाठी असाऱ्यांवर आणि बाण्यासाठी कांड्यांवर भरणे. पैठणीच्या पदरात मोर, वेल, असावली यांचा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीवर असतो, त्यामुळे कांड्या भरण्याचे काम मागाच्या बरोबरीने दिवसभर चालते. विणकराच्या घरात हे सारे काम चूल, पाणी आणि मुले सांभाळत बायका करत. माग बसायच्या खोलीत असे, आणि त्याच्याभोवतीचे घरच कारखाना होते. रंगाऱ्याकडेही वेगळे नव्हते. कुटणे, गाळणे, धुणे, पिळणे, वाळत घालणे ही माणसांची कामे होती आणि माणसे घरची होती.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. घरच्यांनी हातभार लावला म्हणून त्यांना कारागीर कसे म्हणायचे? शेतकऱ्याच्या घरीही सगळे राबतात, तरी पिकाचा इतिहास आपण तसा लिहीत नाही. याला उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. पैठणी हे आधी रंगवून मग विणायचे वस्त्र आहे, विणून मग रंगवायचे नाही. तिची धूपछाव, म्हणजे उजेडात वळवले की रंग पालटण्याचा गुण, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्याने येतो. ताण्याच्या हजारो तारांत एखादी लडी फिकी लागली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी रेघ दिसते आणि विणकर ती कोणत्याही कौशल्याने लपवू शकत नाही. बाण्यातला रंग मध्येच बदलला तर आडवा पट्टा उठतो. विणकराची चूक त्या जागी उसवून सुधारता येते, रंगाची आणि उलगडण्याची चूक सबंध नगभर राहते. ज्या कामातली चूक पुढच्या कोणालाही सुधारता येत नाही, ते काम दुय्यम म्हणता येणार नाही. निर्णय घेणारा हात कारागिराचा असतो, आणि तंतूची प्रत ओळखणे, उकळी थांबवणे, बुडवण्या किती द्यायच्या ते ठरवणे हे सारे निर्णयच आहेत. त्यांना मोजमाप नव्हते. उष्णता हाताला कळे, तुरटीचे प्रमाण जिभेला कळे, आणि निळीच्या रांजणाची अवस्था त्याच्या वासावरून आणि वर येणाऱ्या फेसावरून कळे.

दुसरा आक्षेप असा की रेशीम परदेशचे, लाख आणि मंजिष्ठा दुसऱ्या प्रांतांतून येणार, पिवळ्यासाठी लागणारे इस्परक अफगाणिस्तान-इराणकडचे, मग यात नाशिकचे काय? सगळेच आयात, मग स्थानिक उरला तो माग. पण कच्चा माल बाहेरून आला म्हणूनच स्थानिक ज्ञान कुठे होते ते स्पष्ट होते. ते मालात नव्हते, मिश्रणात होते: पिवळ्यावर निळीची बुडवणी देऊन राघूच्या पंखाचा हिरवा काढणे, लाखेवर निळीने जांभळा आणणे, इथल्या विहिरीचे पाणी जड असेल तर त्यानुसार प्रमाण बदलणे. हे ज्ञान गाडीत घालून दुसरीकडे नेता येत नव्हते. माणसे नेली तरच ते जात होते, आणि म्हणूनच गावे वसवणारे लोक विणकरांना कुटुंबासकट आणत.

मग रासायनिक रंग आले. 1856 मध्ये विल्यम पर्किन यांनी डांबरापासून जांभळा रंग काढला. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेतले अ‍ॅलिझारीन प्रयोगशाळेत तयार केले. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला. 1878 मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि त्याच्यावर येवल्याचे स्टेशन आले. 1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली. या तारखा एकापुढे एक ठेवल्या की दिसते ते असे: युरोपातला रंग येवल्याच्या रंगाऱ्यापर्यंत पोचायला जी साधने हवी होती ती सगळी अवघ्या एका पिढीत तयार झाली. सरकारलाही बदलाची जाणीव होती. 1896 मध्ये सी. जी. एच. फॉसेट यांनी मुंबई इलाख्यातले रंग आणि रंगकाम यांवर, तर 1900 मध्ये एस. एम. एडवर्ड्‌स यांनी रेशमी कापडावर पुस्तक लिहिले. पण रंग एका पुस्तकात आणि रेशीम दुसऱ्या पुस्तकात, अशी विभागणी झाली. ज्या घरात ही दोन्ही कामे एकाच कढईपाशी होत, ते घर दोन्ही पुस्तकांच्या मधल्या फटीत राहिले.

या टप्प्यावर हळहळ व्यक्त करण्याची प्रथा आहे: निसर्गाचे सुंदर रंग गेले, विषारी पुड्या आल्या. ही हळहळ अर्धीच खरी आहे. कुसुंब्याचा गुलाबी मनोहर होता, पण उन्हात टिकत नव्हता. पळसाचा पिवळाही उन्हाला फारसा टिकाऊ नाही. चांगला लाल मिळवण्यासाठी आल नावाच्या झाडाची मुळे तीन-तीन वर्षे शेतात वाढवावी लागत, आणि ती खणून, कुटून, सुताला तेल आणि तुरटी चढवून रंग येईपर्यंत दिवसच्या दिवस जात. रंगाऱ्याने पुडी स्वीकारली ती अडाणीपणाने किंवा लोभाने नाही. त्याचा वेळ वाचला, सरपण वाचले, छटा दरवेळी सारखी मिळू लागली, आणि घरच्या बाईचे कुटण्या-गाळण्याचे कष्ट निम्म्याहून कमी झाले. तिच्या पाठीच्या बाजूने पाहिले तर हा बदल चांगलाच होता. नुकसान दुसरीकडे झाले. आधी रंग शेतात, रानात आणि घरात तयार होत होता. वेचणारी, विकणारी, उकळणारी अशी माणसांची साखळी होती आणि तिला ऋतूचे वेळापत्रक होते. पुडी व्यापाऱ्याकडून येऊ लागली. रेशीम त्याचे, जर त्याची, आता रंगही त्याचा. रंगाऱ्यापाशी असलेली एकमेव मालकीची गोष्ट, म्हणजे कृती, तिची किंमत उतरली. आलाची शेती बसली, पळसाची फुले रानात गळू लागली. आणि पुढे कळले की बेंझिडीनपासून बनणारे काही रंग हाताळणाऱ्याला मूत्राशयाचा कर्करोग देऊ शकतात. अशा रंगांवर जर्मनीत आणि भारतात 1990 च्या दशकात बंदी आली. तोवर उघड्या हातांनी त्यांत लडी बुडवणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या होत्या.

या कहाणीला लोकरीची एक बाजू आहे आणि ती घरच्या विणकामाच्या इतिहासात कधीच जोडून सांगितली जात नाही. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि बहुधा काळी. धनगरणी ती चातीवर कातत, खुटेकर आणि सनगर तिची घोंगडी विणत आणि चिंचोक्याची खळ देऊन ती कडक करत. काळ्या लोकरीला रंग लागत नाही, चढतही नाही. म्हणजे या प्रदेशात रेशीम आणि सूत रंगत होते, लोकर रंगत नव्हती. रंगीत, मऊ लोकर आली ती बाहेरून आणि तयार. 1876 मध्ये सुरू झालेली कानपूरची लोकर गिरणी आणि 1925 मधली ठाण्याची रेमंड ही या नव्या मालाची मोठी नावे. दोन सुयांवरचे विणकाम मात्र त्याआधीच शाळांच्या वाटेने शिरले होते. मिशनच्या शाळांत मुलींच्या शिक्षणात शिवणाबरोबर ते असे. नाशिकजवळ शरणपूरची ख्रिस्ती वसाहत 1854 मध्ये उभी राहिली आणि हाताचे व्यवसाय शिकवण्यावर तिचा भर होता. पुढे हे विणकाम मध्यमवर्गीय मराठी घरांत रुजले. किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक 1930 मध्ये निघाले, आणि त्यानंतरच्या दशकांत उलट-सुलट टाक्यांचे नमुने हा स्त्रियांच्या मासिकांचा नेहमीचा भाग झाला. 1962 च्या युद्धात देशभरच्या बायकांनी सैनिकांसाठी स्वेटर आणि मोजे विणले. नाशिकच्या थंडीत तर कुंची, टोपडे आणि स्वेटर ही हौस नव्हती, गरज होती.

यावर कोणी म्हणेल की हा छंद झाला, धंदा नाही, आणि पैठणीच्या घराशी त्याचा संबंध ओढूनताणून जोडला आहे. पण घरात बसून धाग्याचे कापड करणारी बाई दोन्हीकडे तीच आहे, आणि दोघींत फरक आहे तो नेमका रंगाचा. येवल्यातली बाई रंग कसा चढतो ते पाहत, त्यात हात घालत धागा उलगडत होती. स्वेटर विणणारी बाई दुकानातून नंबर सांगून लडी आणू लागली. दोघांनी समोरासमोर बसून, एकाच्या हातांवर लडी धरून गुंडा करायचा एवढेच फाळक्याचे काम तिच्या घरात उरले. लोकर संपली आणि त्याच नंबरची पुन्हा मिळाली नाही तर बाहीचा रंग अंगापेक्षा वेगळा येई. दोन घाण्यांचा रंग कधी तंतोतंत जुळत नाही, हे रंगाऱ्याचे पहिले ज्ञान, तिला तोटा सोसून शिकावे लागले. घरातल्या विणकामातून रंगकाम गळून पडल्याचा इतका साधा पुरावा दुसरा नाही. आणि तिच्या कामाला मजुरी नव्हती म्हणून ते छंद ठरले. तेच कपडे बाजारातून आणले असते तर खर्चाच्या वहीत लिहिले गेले असते. जुना स्वेटर उसवायचा, लोकर धुऊन वाफेवर सरळ करायची आणि वाढत्या मुलासाठी पुन्हा विणायचा, या कामाने कुटुंबांचे पैसे वाचले, हे कुठल्याच हिशेबात नाही.

आज गणना होते, हे मान्य केले पाहिजे. 2019-20 च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात सुमारे 26.7 लाख विणकर आणि सुमारे 8.5 लाख पूरक कामगार नोंदले गेले. एकूण कामगारांत स्त्रिया 72 टक्क्यांच्या आसपास आहेत. रंगवणारे, उलगडणारे, कांड्या भरणारे ‘पूरक’ या रकान्यात येतात. निदान रकाना आहे, ही शंभर वर्षांत झालेली सुधारणा खरी. पण योजना, पुरस्कार, ओळखपत्र, प्रदर्शनातला गाळा यांत पहिला मान विणकराचा राहतो, आणि पैठणीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची चर्चाही माग आणि जर यांच्याभोवती फिरते. विणकराचा मान कमी करावा असे कोणी म्हणणार नाही. त्याचेही पोट हातावरच आहे. प्रश्न असा की रंगाचे काम करणारे एकेक करून थांबले तर येवल्यातला माग रंगवून आलेल्या रेशमावर चालत राहील, आणि मग पैठणीतले येवल्याचे काय उरले याचे उत्तर देणे अवघड जाईल. नैसर्गिक रंगांची मागणी आता पुन्हा वाढते आहे, ग्राहक त्यासाठी जास्त पैसे मोजतात, आणि त्या कृती नव्याने प्रशिक्षणवर्गांत शिकवल्या जातात. पण या जिल्ह्यात त्या कृती ज्यांच्या घरांत होत्या ती घरे अजून पुरती रिकामी झालेली नाहीत. तिथे वयस्क माणसे आहेत, त्यांना प्रमाणे तोंडपाठ आहेत, आणि ती विचारणारे कोणी येत नाही.

नाशिकच्या महाविद्यालयांनी, इतिहास मंडळांनी आणि जिल्हा प्रशासनाने हे काम आता हाती घ्यावे. येवला, मालेगाव आणि जुन्या नाशकातल्या रंगारी व विणकर कुटुंबांतून रंगाच्या कृती, अवजारांची नावे, बायकांच्या कामाचे तास आणि मजुरीच्या वह्या माघ-फाल्गुनात प्रत्यक्ष काम चालू असताना नोंदवून घ्याव्यात. आणि जे वाचक यंदा लग्नासाठी येवल्याला पैठणी घ्यायला जातील त्यांनी दुकानात विणकराच्या नावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: हे रेशीम कोणी रंगवले आणि त्याच्या कांड्या कोणी भरल्या?